भाताची चव कोणाची?

मराठी समीक्षेच्या परिभाषेकडे थोडे थांबून पाहिले, तर तिच्यातील कितीतरी शब्द स्वयंपाकघरातून आलेले दिसतात. रस, रुची, आस्वाद, अभिरुची, गोडी. पुस्तकाचे एक पान चाळून साऱ्या पुस्तकाविषयी बोलणाऱ्याने शितावरून भाताची परीक्षा केली असे आपण म्हणतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावून देताना दृष्टान्त घेतला तोही अन्नाचाच. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा 'सुमनस' पुरुष जसा त्यातील रसांचा आस्वाद घेतो, तसा नाटकाचा प्रेक्षक भावांचा आस्वाद घेतो, असे त्याचे म्हणणे. तेव्हा घरच्या भाताविषयी लिहिणे हे समीक्षेचे काम नव्हे, असा आक्षेप निदान या परंपरेच्या अभिमान्यांनी तरी घेऊ नये.

प्रश्न आहे तो या सुमनस पुरुषाचा. तो पानावर बसलेला आहे आणि अन्न त्याच्यापुढे वाढून झालेले आहे. ते कोणी रोवले, कोणी कांडले, कोणी चुलीपुढे बसून शिजवले, हे दृष्टान्तासाठी आवश्यक ठरलेले नाही. चव घडविणारा एक आणि चव घेणारा दुसरा, आणि रसिकपण मात्र दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. दलित साहित्याला अभिरुची नाही, त्यात दाहकता आहे पण आस्वाद्यता नाही, हा आरोप ज्यांनी साठ-सत्तर वर्षे केला, ते याच सातबाऱ्याच्या आधाराने बोलत होते. मागे एका चर्चासत्रात एक ज्येष्ठ समीक्षक मला म्हणाले, 'तुमच्या लेखकांना भूक लिहिता येते, चव लिहिता येत नाही.' मी त्यावेळी चिडून काहीबाही उत्तर दिले. नंतर विचार करता वाटले, की माणूस सर्वस्वी खोटे बोलला नव्हता. आणि जे खरे होते त्याची कारणे त्याला ठाऊक नव्हती.

प्रथम त्यांच्या पुस्तकांकडे पाहू. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली निघाले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली. दुसऱ्या पुस्तकाने तर मध्यमवर्गीय मराठी मुलींच्या किती पिढ्यांना सासरी सांभाळले याची गणती नाही, आणि वाटी-चमच्याचे माप देऊन स्वयंपाक घराबाहेरच्या माणसालाही शिकता येईल असा केला, हे त्याचे श्रेय मी नाकारणार नाही. माझ्या पत्नीकडे ते आहे. मसालेभात आम्ही त्यावरूनच शिकलो. पण या परंपरेतील पाककृती बहुधा तांदूळ धुण्यापासून सुरू होते. धुण्याआधीचे जग पुस्तकात नाही. तांदूळ वाण्याकडून आलेला आहे, निवडायला कोणी बाई आहे, आणि 'तांदूळ' म्हणजे एक वस्तू आहे. तो यंदाचा की गेल्या सालचा, हलक्या धानाचा की भारी धानाचा, गिरणीतला की उखळातला, अखंड की कनकी, याची घरोघर होणारी चर्चा तेथे एखाद्या सूचनेपुरती उरते. आमच्याकडे तर शब्दापासूनच फरक आहे. पश्चिम महाराष्ट्रात शेतात उभ्या पिकालाही भात म्हणतात. झाडीपट्टीत उभे असते ते धान, भरडून निघतो तो तांदूळ, आणि शिजून ताटात येतो तोच भात. सरकारी पत्रकात 'भात लागवड' हे शब्द आले की आमचे म्हातारे अजून हसतात. शिजलेला भात कोणी लावतो काय?

आता आपल्या लेखनाकडे. 'बलुतं' १९७८, 'उपरा' १९८०, 'अक्करमाशी' १९८४, 'जिणं आमचं' १९८६. या पुस्तकांनी मराठी वाङ्मयाच्या पानावर पहिल्यांदा रिकामे ताट ठेवले, आणि ते ठेवणे त्यावेळी सर्वांत निकडीचे होते. ज्यांनी उष्टे मागून खाल्ले, त्यांच्याकडून पाकक्रियेची अपेक्षा करणे हा निर्लज्जपणा झाला असता. शिवाय १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्यास सांगितले, तेव्हापासून अन्न हा आपल्याकडे स्वाभिमानाचा प्रश्न झाला. काय खाल्ले यापेक्षा कोणाच्या हातून, कोणत्या नात्याने खाल्ले, हे महत्त्वाचे ठरले. हे सारे बरोबरच होते. पण या घडामोडीत एक चूक आपल्या हातून झाली असे मला वाटते, आणि ती आपणच सांगितली पाहिजे. उष्टे आणि शिळे या दोन गोष्टी आपण एकाच टोपलीत टाकल्या.

उष्टे म्हणजे दुसऱ्याच्या पानावरचे. शिळे म्हणजे आपल्याच घरी रात्री शिजवून सकाळसाठी राखून ठेवलेले. पहिले टाकणे हा विद्रोह होता. दुसरे टाकण्याचे कारण नव्हते. ते टाकले गेले शाळेत, वसतिगृहात, वरच्यांच्या नजरेमुळे. रात्रीचा भात पाणी घालून ठेवायचा, सकाळपर्यंत त्याला किंचित आंबूस वास येतो, मग मीठ, कांदा, एखादी हिरवी मिरची. रोवणीच्या दिवसांत पोटरीभर चिखलात कमरेत वाकून दिवस काढणाऱ्या बायांची ती न्याहारी होती, आणि दुपारपर्यंत पोटाला थंड ठेवणारी अशी दुसरी न्याहारी मला माहीत नाही. मी शिक्षणासाठी शहरात गेलो तेव्हा घरून परतताना आई डब्यात भात देऊ लागली, की मी नको म्हणे. वसतिगृहातल्या मुलांनी वास घेऊन नाक मुरडले होते. त्यांतली काही आपलीच मुले होती. पुढे कुठल्याशा वर्तमानपत्रात आंबवलेल्या भाताच्या पौष्टिकतेवर लेख आला, तेव्हा तीच माणसे त्याचे गुण मला सांगू लागली. शास्त्राचा शिक्का बसेपर्यंत आपल्या आईच्या जिभेवर आपला विश्वास नव्हता, एवढाच याचा अर्थ.

आत्मकथनांच्या बाबतीत भूगोलाचाही एक भाग आहे. वर सांगितलेली पुस्तके बहुतेक भाकरीच्या मुलुखातली आहेत. तेथे भात सणासुदीचा, लग्नाच्या पंगतीतला, वाड्यावरचा. शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थी-सहकाऱ्यांनी पुणे विद्यापीठातून २००९ साली दलितांच्या अन्नस्मृती एकत्र केल्या. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले आणि मराठवाड्यातील महार-मांगांचे स्वयंपाकघर प्रथमच पाककृतींसह, न लाजता, पुस्तकात बसले. हे मोठे काम आहे. परंतु तेही ज्वारीच्या प्रदेशातले. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३) मध्ये कोकण आहे, तेथे भात आणि मासळी रोजच्या जगण्यातून येते. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली, हा धानाचा पट्टा मात्र आपल्या वाङ्मयात जवळपास मुका राहिला. येथे भात हा श्रीमंतीचा पदार्थ नाही. मजुराच्या घरी सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. गरिबी येथे भाताच्या अभावात नाही, भाताच्या प्रतीत मोजावी लागते. अखंड तांदूळ विकायला, कनकी खायला. बारीक धान मालकाच्या ढोलीत, जाडे धान मजुरीत. आणि वरणाला तूर परवडत नाही म्हणून धानाच्या ओलीवर उतरवलेली लाखोळी. भुकेची जी भाषा आपण कमावली, तिच्यात हा बारीक भेद बसत नव्हता.

आमच्या घरी जमीन नव्हती. बाप दुसऱ्यांच्या बांधीत राबला, आई रोवणी-कापणीला गेली. घरात धान येई ते मजुरीचे, पायलीने मोजून, म्हणजे चार मालकांचे चार तऱ्हांचे. त्यामुळेच कदाचित आईची परीक्षा एवढी तीक्ष्ण झाली. ज्याच्याकडे एकाच शेताचे एकच धान वर्षभर येते त्याला परीक्षा करण्याचे कारण नसते. ती मूठभर तांदूळ तळहातावर चोळून फुंकर घालायची, दोन दाणे दाताखाली फोडायची, आणि आधणात किती पाणी ठेवायचे ते ठरवायची. नवा तांदूळ पाणी कमी घेतो आणि चिकटतो. तो पेजेला, आजाऱ्याला, लहान पोराला. जुना पाणी जास्त पितो, फुलतो आणि मोकळा राहतो; तो पाहुण्याला. कनकी अंबाडीच्या भाजीत शिजवायची, म्हणजे भाजीचा आंबटपणा दाण्यात उतरतो आणि वेगळ्या भाताची गरज राहत नाही. पीठ झाले तर आयते. भात वेळून निघालेली पेज कधी फेकली गेली नाही. त्यात मीठ घालून आम्ही शाळेत जाण्याआधी प्यायचो. भात झाला की नाही हे ती झाकण न काढता, वासावरून सांगे. तरी शेवटी एक शीत बोटात दाबून पाहीच. 'मधात कनी राह्यली नाही पाहिजे,' म्हणायची. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण समीक्षक उठता-बसता वापरतो, पण ती परीक्षा किती कष्टाने शिकावी लागते हे मी तिच्याकडून पाहिले. एका शितावरून सांगता येते ते हजार वेळा सारा भात पाहिलेला असतो म्हणून.

याला मी अभिरुची म्हणतो. दुसरा शब्द मला सापडत नाही. ती गरिबीमुळे आली की गरिबी असून आली, हा वाद घालता येईल. पण ती होती.

एवढ्यावर कोणी म्हणेल की ही मुलाची आईविषयीची माया आहे, तिला समीक्षेत स्थान नाही. ठीक आहे. मग माया बाजूला ठेवून नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी जाऊ. दादाजी रामाजी खोब्रागडे या गावचे. जेमतेम तिसरीपर्यंत शिक्षण, दीड एकर जमीन, जात आपलीच. १९८३ साली 'पटेल-३' या वाणाच्या आपल्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग निराळा, ठेवण निराळी. त्यांनी त्या वेगळ्या काढून जपल्या, वेगळ्या पेरल्या, पुढच्या साली पुन्हा निवडल्या. रानडुकरांचा त्रास, म्हणून छोट्याशा वाफ्याला काट्यांचे कुंपण. काही हंगामांनी शिजवून पाहण्याइतका तांदूळ हाती आला. तो घरी शिजवला, आणि पटेल-३ पेक्षा खायला सरस ठरला. १९९० साली एका शेतकऱ्याने त्यांच्याकडून दीडशे किलो बियाणे नेले. तेथून हे धान गावोगाव पसरले. त्या काळी गाजलेल्या घड्याळाचे नाव त्याला पडले, एच.एम.टी.

पुढची हकीगत चळवळीतल्या लोकांना माहीत आहे. १९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाण्याचा नमुना नेला. १९९८ साली 'पी.के.व्ही. एच.एम.टी.' या नावाने विद्यापीठाचा वाण प्रसारित झाला. आपल्याला श्रेय मिळाले नाही, असे दादाजी अखेरपर्यंत सांगत राहिले. आपण शुद्धीकरण करून वाण सिद्ध केला, अशी विद्यापीठाची बाजू. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार, २०१० साली 'फोर्ब्स' मासिकाच्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव, आणि जून २०१८ मध्ये मृत्यू, हलाखीत आणि आजारात. मधल्या काळात त्यांनी आणखी काही वाण काढले : नांदेड-९२, नांदेड चिन्नोर, डी.आर.के., दीपकरत्न, विजय नांदेड.

दादाजींवर जे लिहिले गेले त्यात आपल्या लोकांचे लेखनही बरेच आहे, आणि ते बहुतेक एकाच स्वरातले आहे. ज्ञान लुटले गेलेला गरीब दलित शेतकरी. शंबूक, एकलव्य हे दृष्टान्त ठरलेले. मला हा स्वर अपुरा वाटतो. एकलव्याचा अंगठा गेला हे आपण सांगतो, त्याचा नेम कसा होता हे सांगत नाही. शेकडो लोंब्यांतून थोड्याच लोंब्या निराळ्या दिसणे, त्या निराळेपणात काही मोल असेल असे वाटणे, वर्षानुवर्षे नको ते काढून टाकणे, आणि शेवटी घरात शिजवून, जिभेवर ठेवून निर्णय देणे, ही क्रिया काय आहे? निवड, तुलना, परिष्करण, आस्वाद, मूल्यनिर्णय. समीक्षेच्या वर्गात मी मुलांना समीक्षाव्यापार म्हणून हेच शब्द फळ्यावर लिहून देतो. दादाजींकडे दीड एकरात हा व्यापार पाच-सात वर्षे अखंड चालला होता. आपण त्यांना अन्यायग्रस्त म्हणून सभेत आणले. रसिक म्हणून आपणही त्यांना मानले नाही. भरताचा सुमनस पुरुष पानावर बसून होता. हा माणूस चिखलात उभा होता, आणि पानावरची चव त्यानेच बदलली. आज विदर्भातल्या कितीतरी पांढरपेशा घरांत वाण्याला 'एच.एम.टी.च द्या' असे बजावले जाते. कोणाच्या जिभेने ही निवड आधी करून ठेवली, हे त्या घरांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

आणखी एक ताजे उदाहरण. २०२१ साली पोषणयुक्त तांदळाची घोषणा झाली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तो रेशनवर येऊ लागला. शंभर दाण्यांत एक दाणा कारखान्यात घडवलेला, लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेला. आमच्या भागातल्या बायांनी तो पहिल्याच दिवशी ओळखला. पाण्यात तरंगतो, रंग वेगळा, शिजल्यावर दाताखाली वेगळा. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून त्यांनी तो निवडून फेकला. मग अधिकारी आले, शिक्षक आले, त्यात मीही होतो, आणि आम्ही अंधश्रद्धेवर व्याख्यान दिले. तांदूळ प्लास्टिकचा नव्हता हे सत्यच आहे. त्यांचा निष्कर्ष चुकला. पण निरीक्षण? शंभरात एक परका दाणा ज्या डोळ्यांनी वेगळा काढला, ते डोळे दादाजींच्या डोळ्यांच्याच जातीचे आहेत. त्यांना आधी कोणी विचारले असते, दाणा दाखवून काय घातले आहे ते सांगितले असते, तर त्यांनी तो स्वीकारलाही असता. फुकटच्या धान्याला चव विचारायची नसते, हे गृहीत धरून सारी योजना आखली गेली. रेशनच्या रांगेतल्या माणसाला जीभ असते हे कुठल्याच परिपत्रकात नव्हते. आणि मी, जो येथे एवढे लिहितो आहे, मलाही त्या दिवशी ते सुचले नाही.

मी ज्या गडचांदूरला शिकवतो, तेथे धान होत नाही. काळी माती, कापूस, सोयाबीन, ज्वारी, आणि चहूकडे सिमेंटचे कारखाने. १९५६ पर्यंत हा राजुऱ्याकडचा भाग हैदराबाद राज्यात होता. सीमा जवळ, तेलुगू बोलणारी माणसे पुष्कळ, त्यांचा भात वेगळा, त्यावरची चिंचेची आंबट आमटी वेगळी. कारखान्यांच्या वसाहतींत साऱ्या देशातून आलेली कुटुंबे आहेत. म्हणजे भात येथे सगळेच खातात आणि सगळेच विकत घेऊन खातात. माझ्या वर्गात डोंगरावरच्या कोलाम-गोंड पाड्यांतली मुले असतात, बौद्ध वस्तीतली असतात. त्यांना 'माझ्या घरचे जेवण' यावर निबंध दिला की श्रीखंड-पुरी येते. पाठ्यपुस्तकातून उचललेली. एका मुलीने एकदा लिहिले की तिची आजी सुक्या झिंग्यांची चटणी आणि गरम भात असा एकच पदार्थ नीट करते, पण तो कोणालाच तसा जमत नाही, आणि का जमत नाही त्याचे पाऊण पान कारण दिले : झिंगे आधी कोरडे भाजायचे, भाताची वाफ जायच्या आत चटणी वर टाकायची, कालवायचे नाही. मी तिला वर्गात उभे करून ते वाचायला सांगितले. ती लाजली, मुले हसली, आणि मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, 'सर, आमच्या घरी कालवतात.' त्यावर अर्धा तास वाद झाला. अलंकारांचा पाठ राहिला तो राहिलाच.

गेल्या हिवाळ्यात आई काही दिवस आमच्याकडे होती. मी दुकानातून पंचवीस किलोचा कट्टा आणला. वर ठळक अक्षरांत एच.एम.टी. छापलेले, सोनेरी कणसाचे चित्र. तिने वाचता येत नसलेल्या त्या अक्षरांकडे पाहिले नाही. कट्ट्याची शिवण उसवली, मूठभर दाणे तळहातावर घेतले, चोळले, फुंकले, दोन दाणे दाताखाली धरले. 'हा एच.एम.टी. नाही,' म्हणाली. कितीला आणला ते विचारले. मी आकडा सांगितला. ती काही बोलली नाही. मग मूठ परत कट्ट्यात सोडून सुनेला म्हणाली, 'पाणी कमी टाकजो. नवा आहे, चिकटते.'